सोलापूरच्या पोराची संगीतकथा: गाणं आधी खाली नेतं

प्रश्न थोडक्यात असा: "मी सोलापूरच्या पूर्व भागातला. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. अशाच घरातल्या श्रीनू नावाच्या पोरावर पटकथा लिहिली आहे. तो लखन नावाच्या मित्राकडून हलगी शिकतो, रॅप लिहितो, आणि शेवटी मुंबईत टीव्हीवरची स्पर्धा जिंकतो. गाणी सात आहेत. दोन निर्मात्यांनी वाचली. एक म्हणाला, भिडत नाही. दुसरा म्हणाला, मध्यंतरापूर्वी आईला मारा. काय करू?"

आईला मारू नका. ती जिवंत राहिली तरच श्रीनूला रोज रात्री घरी येऊन तोंड द्यावं लागेल, आणि तुमच्या गोषवाऱ्यात नेमका तोच त्रास कमी पडतोय. मेलेल्या आईवर एक गाणं काढता येतं. जिवंत आई विचारते, काल रात्रीच्या सुपारीचे, म्हणजे वाजवायच्या ठरलेल्या कामाचे, पैसे कुठे गेले.

मी या धंद्यात आवाजाच्या बाजूनं आलो. आधी लोकेशनवरचं ध्वनिमुद्रण, नंतर संगीतप्रधान चित्रपटांच्या पटकथा वाचून त्यातलं कुठलं गाणं बसतं आणि कुठलं लोंबकळतं ते सांगणं. त्यामुळे माझं उत्तर थोडं कानाच्या बाजूला झुकलेलं असेल, तेवढं सांभाळून घ्या.

तुमच्या कथेत श्रीनू जितका वाजवतो तितका वर चढत जातो. पहिलं गाणं गल्लीत, मग कॉलेजात, मग गणपतीत, मग यूट्यूबवर, मग पुणे, मग मुंबई. असा जिना कुठल्याही शहराला लावता येतो. सोलापुरात गाणं माणसाला आधी खाली नेतं. पैशानं नेतं आणि चारचौघांतल्या मानानंही नेतं. वर काढलंच तर नंतर, आणि सगळ्यांना सारखं नाही. तुम्ही ही उतरण लिहिलेलीच नाही, म्हणून पहिला निर्माता भिडत नाही म्हणाला. त्याला कारण सांगता आलं नाही, एवढंच.

हे काही मी नवीन शोधलेलं नाही. तुमच्याच गावचा, पेशवाईतला शाहीर राम जोशी घ्या. वेदशास्त्राच्या घरातला माणूस, लावणीच्या आणि तमाशाच्या नादी लागला आणि घराला नकोसा झाला. आज त्याचं नाव अभ्यासक्रमात आहे, पण त्याच्या काळात डफ हातात घेणं म्हणजे पायरी सोडणं होतं. दुसरी वाट बार्शीच्या शाहीर अमर शेखांची. कष्टकरी घरात जन्मले, गिरणी कामगारांत वावरले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजानं मैदानं भरली. तिथे गाण्यानं एकट्याला वर नेलं नाही, अख्ख्या जमावाला उभं केलं. तुमचा श्रीनू या दोघांच्या मध्ये कुठेतरी उभा आहे. तो कुणाकडे जास्त झुकतो हे तुम्हाला पक्कं ठाऊक हवं. पडद्यावर नाव घ्यायची गरज नाही.

आता हलगी. तुम्ही लिहिलंय की श्रीनू पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजाच्या, घरातला आहे आणि हलगी शिकतो लखनकडून. एवढं लिहून पुढच्याच पानावर दोघं गच्चीवर हसत वाजवताहेत. इथे तुम्ही सगळ्यात तापलेली गोष्ट ओलांडून गेलात. हलगी परंपरेनं दलित जातींच्या हातात असते, हे सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही. लखनच्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि तिच्याबरोबर अपमानही आहे. श्रीनूनं ती उचलली तर त्याच्या घरात कुजबुज होणार: हे काय नवीन, माग सोडून वाजंत्री होणार का? आणि लखनच्या घरातही प्रश्न उठणार, जो जास्त टोकदार आहे: आम्ही वाजवली तेव्हा ती हलकी होती, यानं वाजवली की ती कला झाली? माझ्या मते तुमच्या पटकथेचा कणा हाच आहे. रिॲलिटी शोवर श्रीनूच्या हलगीचं कौतुक होईल तेव्हा लखन कुठे बसून ते बघत असेल, हे तुम्ही अजून ठरवलेलं नाही.

यासाठी भाषणं लिहू नका. एक पंगत लिहा. लग्नात वाजवणारे कधी जेवतात, कुठे जेवतात, आणि वाढपी त्यांच्याशी कसं बोलतो? वऱ्हाड उठल्यावर, मंडपाच्या मागं, जनरेटरच्या शेजारी. त्या दिवशी वधूपक्षात श्रीनूच्या नात्यातला कुणीतरी आहे. तो श्रीनूला ओळखतो आणि म्हणतो, "अरे श्रीनू, तू हिकडं कुठं बसलास बे, चल की वर." लखन शेजारीच बसलाय. श्रीनू उठतो का? या प्रसंगात गाणं नाही, पण हा झाल्यावर पुढचं प्रत्येक गाणं वेगळं ऐकू येईल.

आता पैसे, कारण तुमच्या सगळ्या पटकथेत मला एकही आकडा सापडला नाही. समजा लग्नाची सुपारी १५,००० रुपयांची. माणसं १०. गाडीचे २,५०० गेले. वाद्यं ज्याच्या मालकीची, त्याचे ३,००० वेगळे. राहिले ९,५००, माणशी ९५० रुपये. त्यातला विसार, म्हणजे काम ठरवतानाची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेला असतो आणि तो बहुधा मालकाकडेच संपलेला असतो. हा हिशोब प्रेक्षकाला एकदा नीट समजला की पुढे तुम्हाला काही समजावावं लागत नाही. मग वरातीत नवरदेवाचा मामा नाचत येतो, ५०० ची नोट ओवाळतो आणि थेट श्रीनूच्या खिशात कोंबतो. ती नोट कुणाची? वाजवणाऱ्याची, की सगळ्या ताफ्याची? पद्धत काय आहे ते लखनला माहीत आहे, श्रीनूला नाही. किंवा माहीत असूनही त्यानं ती आत सरकवली. अशा एका नोटेवर मैत्री तुटलेली दाखवता येते, आणि ते आईच्या मरणापेक्षा जास्त लागेल.

दुसरी पैशाची गोष्ट म्हणजे उचल, कामाआधीच घेतलेले पैसे. मागाच्या शेडमध्ये तुमच्या वडिलांच्या पिढीनं उचल घेतली, ऊसतोडीला जाणारा उचल घेतो, तमाशाच्या फडातला कलावंत हंगामाआधी उचल घेतो. सोलापूर जिल्ह्यात आणि आजूबाजूला माणूस कामाला बांधायची ही एकच दोरी तिन्ही धंद्यांत दिसते. तुमच्या कथेत श्रीनूला मुंबईचं बोलावणं येतं आणि तो बॅग भरतो. छे! लग्नसराईच्या आधी त्यानं बँडमालकाकडून उचल घेतलेली असली पाहिजे, आणि जामीन लखन असला पाहिजे. आता जाऊन दाखवा म्हणावं. श्रीनू गेला तर दाट तिथीच्या दिवशी ताफा उणा पडतो, मालक लखनला धरतो. स्वप्न बघायला कुणाची ना नसते, पण त्याचं बिल दुसऱ्याच्या नावानं फाटतं, हे तुमच्या प्रेक्षकाला आपोआप कळेल, कारण त्यानं ते घरात पाहिलेलं आहे.

"चांगलं आयुष्य" हे शब्द तुमच्या संवादात अनेकदा येतात. ते सगळे काढा आणि त्या जागी एक वस्तू ठेवा. माझी सूचना घराची आहे. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांना १०,००० घरं मिळाली, ती २००६ साली. पुढे रे नगरमध्ये ३०,००० घरांची वसाहत उभी राहिली, त्यातल्या १५,००० घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. तुमच्या नायकाच्या आईनं अशा घराचं स्वप्न धरलंय, तिचा स्वतःचा वाटा भरायचा राहिलाय, आणि ती दिवसाला हजाराच्या आसपास विड्या वळून तो साठवतेय. कारखान्याकडून मिळालेली पानं कमी पडली तर पदरची घालायची, विड्या जमा करायला गेल्यावर काही खराब म्हणून छाटल्या जाणार. एवढं असलं की श्रीनूनं नवीन माइक घ्यायला त्या डब्यातले पैसे उचलणं हा गुन्हा ठरतो. आत्ताच्या पटकथेत त्याला माइक काका भेट देतात. काका कथेतून काढून टाका, फार उपकारी माणूस आहे.

पाण्याचंही तसंच. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि त्या दिवशी घरातल्या कुणाला तरी थांबावं लागतं. रेकॉर्डिंगची वेळ आणि पाण्याचा दिवस एकच आणा. हा प्रसंग विनोदीही होईल, आणि तुमच्या पटकथेत हसायला फारच कमी जागा आहेत. खडतर म्हणजे सगळा वेळ काळवंडलेलं, असं निर्मात्यांना वाटतं. पूर्व भागातल्या गल्लीत बसून दोन तास ऐकलंत तर शिव्या आणि हशा यांचं प्रमाण किती आहे ते कळेल.

आता माझ्या आवडीचा भाग. तुमचं तिसरं गाणं मागाच्या शेडमध्ये आहे. मागाच्या ठेक्यावर हलगी, हलगीवर रॅप. कल्पना कुणालाही सुचेल अशी आहे आणि म्हणूनच धोक्याची. शिवाय प्रत्यक्षात ती चालत नाही. साधा माग मिनिटाला साधारण शंभर ते दीडशे वेळा धोटा (आडवं सूत नेणारा तुकडा) फेकतो, म्हणजे एकट्या मागाला नाचता येईल असा ठेका नक्कीच असतो. पण शेडमध्ये माग एकटा नसतो. दहा-वीस माग, प्रत्येकाची लय किंचित वेगळी, कुणीच कुणाशी जुळलेला नाही. आत उभं राहिलं की ठेका ऐकू येत नाही, नुसती गर्जना येते, आणि माणसं कानाशी तोंड नेऊन ओरडतात. तो ठेका खरा ऐकू येतो चहाच्या वेळी, सगळे माग बंद आणि कोपऱ्यातला एकच चालू असताना. मी असतो तर गाणं त्या पाच मिनिटांत ठेवलं असतं. बाकीचे माग एकेक करून सुरू होतात आणि गाणं बुडून जातं. त्याचं गाणं शेड गिळून टाकते. हे तुमच्या कथेच्या पहिल्या तासात व्हायलाच हवं.

वडिलांना कमी ऐकू येतं, हे तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. वर्षानुवर्षं शेडमध्ये काढलेल्या माणसाचे कान आधी वरच्या पट्टीचे आवाज गमावतात. म्हणजे त्यांना हलगीचा घुमारा कळेल, पण पोराच्या रॅपमधले स, श, त, क पुसट होतील, शब्द लागणार नाहीत. पण तुम्ही यातून शेवटी बापाचे डोळे पाणावणं काढलंय, ते सोडा. त्याऐवजी घरात त्याचा परिणाम दाखवा: टीव्ही मोठा, बोलणं मोठ्यानं, शेजारच्यांना घरातली सगळी भांडणं ऐकू जातात. आणि याच माणसाला शेडमध्ये वीस मागांच्या गर्जनेत आपल्या मागाचा सूत तुटल्याचा फरक लगेच जाणवतो. घरातला सगळ्यात तयार कान त्याचा आहे. श्रीनूला ही गोष्ट उशिरा कळू द्या.

घरच्या रेकॉर्डिंगमध्ये भिंतीवर सोलापुरी चादरी टांगल्यात, ते मस्त. फक्त एक तांत्रिक खोच: चादरीनं वरच्या आवाजाची चमक मरते, खालचा घुमा तसाच राहतो. बाहेरच्या रिक्षाचा, डीजेचा धडधडाट आत येणारच. त्याचा उपयोग करा. चांगला टेक चालू असताना बाहेरून मिरवणूक जाते आणि सगळं वाया जातं. श्रीनू चिडतो, लखन म्हणतो, राहू दे तो आवाज.

गाणी सात फार आहेत. पाच ठेवा, आणि प्रत्येकाच्या वर लिहा: या गाण्यासाठी पैसे कोण देतंय, आणि गाणं संपल्यावर कुणाचं काय कमी झालं. उत्तर येत नसेल ते गाणं गेलं. लग्नातलं गाणं पोटासाठी. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सवात वाजवणं समाजासाठी, तिथे पैसे मागणं अवघड, आणि लखनला सोबत न्यायचं का हा प्रश्न पुन्हा उभा राहतोच. तिसरं शेडमधलं. चौथं रेकॉर्ड केलेलं, ज्याच्यावर कुणीतरी सही करून घेतं. पाचव्याकडे शेवटी येतो.

सहीचा प्रसंग तुम्ही दोन ओळींत उरकलाय, तो पानभर करा. कायदा इथे नाट्याला मदत करतो. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांच्या रॉयल्टीचा हिस्सा कंपनीला लिहून घेता येत नाही. पण ध्वनिमुद्रण ज्यानं पैसे घालून केलं त्याचं. आणि गाण्यातली हलगी वाजवणारा ना गीतकार, ना संगीतकार. श्रीनूचे शब्द श्रीनूचे. लखननं दिलेला तोड, म्हणजे ठेक्याचा तुकडा, ज्यामुळे ते गाणं गाजलं, तो कागदावर कुठेच नाही. कागद पुढे केल्यावर श्रीनू "संगीतकार" या रकान्यात किती नावं लिहितो? एक की दोन? तुमचा मध्यंतर इथे आहे.

कायद्याचीच आणखी एक व्यावहारिक गोष्ट, नाहीतर निर्माता पुढे तुम्हाला दोष देईल. लग्नाच्या वरातीत बँडनं गाजलेलं सिनेमाचं गाणं वाजवलं तर कायद्यात त्याला सूट आहे. पण ती वरात तुम्ही चित्रपटात दाखवलीत की ती सूट तुमच्या चित्रपटाला मिळत नाही. चालीची परवानगी घ्यावी लागते, मूळ मुद्रण वापरलंत तर कंपनीचीही वेगळी. तुमच्या पटकथेत नावानिशी चार गाजलेली गाणी आहेत. ती काढा आणि संगीतकाराकडून "गाजलेल्यासारखी" दोन नवीन चाली करून घ्या. पारंपरिक हलगीचे ताल कुणाच्या मालकीचे नाहीत, ते हवे तेवढे वापरा.

वरातीच्या प्रसंगाला घड्याळ लावायचं असेल तर तेही कायद्यात आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर आवाज बंद, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यात वाद्यंही आली. दहाला दहा कमी असताना नवरदेव अजून मारुतीच्या देवळात, मामाला अजून नाचायचंय, आणि पैसे वाजवून झाल्यावर मिळणार.

भाषेबद्दल: श्रीनू घरी तेलुगू, गल्लीत मराठी, चौकात दखनी (इकडची उर्दू) बोलतो हे तुम्ही लिहिलंय पण संवाद सगळे पुणेरी झालेत. आई रागावताना तेलुगूतच रागावेल. रॅप कुठल्या भाषेत होतो हा कथेचा प्रश्न करा. स्पर्धेतले लोक "थोडं सगळ्यांना कळेल असं" म्हणतात तेव्हा नेमकं काय कापलं जातं ते दाखवा. मात्र "का बे" प्रत्येक वाक्यात घालू नका. सोलापूरकराला ते बाहेरच्यानं केलेल्या नकलेसारखं वाटतं.

दृश्यांत दोन किरकोळ गोष्टी. तुमची पहिली चौकट गिरणीच्या चिमणीची आहे. जुनी मिल १८७७ ची, इतिहास मोठा, मान्य. पण आज सोलापुरात चिमणी म्हटलं की आधी आठवते ती २०२३ मध्ये पाडलेली सिद्धेश्वर साखर कारखान्याची, आणि ती विमानसेवेला आड येते म्हणून झालेला वाद. प्रेक्षक भलतीकडे जाईल. आणि श्रीनू सिद्धेश्वर एक्सप्रेसनं एकदम मुंबईला जातो, ते काढा. तिथली पोरं आधी पुण्याला जातात, पहाटेच्या हुतात्मा एक्सप्रेसच्या जनरल डब्यातून, आणि बरीचशी रविवारी परतही येतात. ये-जा जास्त खरी आहे, आणि दर आठवड्याला आईसमोर यावं लागणं हा तुमचा फायदा आहे.

शेवट. स्पर्धा जिंकू द्यायची नसेल तर हरवायचीही गरज नाही. उपांत्य फेरीपर्यंत जाऊ द्या, थोडे पैसे हातात येऊ द्या, आणि ते पुरतील एका गोष्टीला: एकतर घराचा वाटा, नाहीतर लखनच्या डोक्यावर बसलेली उचल. दोन्हींना पुरले तर कथा गोड होते, एकालाही पुरले नाहीत तर रडगाणं. पाचवं गाणं या निवडीनंतर येतं, लग्नसराईतल्या एका साध्या सुपारीत, आणि ताफ्यात लखन आहे की नाही हे त्यानं काय निवडलं त्यावर ठरेल. मी लखनची उचल निवडली असती. मग आईसमोरचा प्रसंग लिहावा लागेल, तो अवघड आहे, माझ्याकडे त्याचं तयार उत्तर नाही.

चित्रीकरणाचं थोडंसं. हलगीचे प्रसंग प्लेबॅकवर नुसते हात हलवून करू नका, प्रत्यक्ष वाजवून घ्या. चामड्यावर पडणारी काडी आणि ऐकू येणारा ठोका जुळले नाहीत तर गावातलं पोरगंही पकडेल. ठोका फार टोकदार असतो, माइक जवळ आणला की आवाज फाटतो. तेव्हा माइक लांब आणि पातळी खूप खाली. नाचाच्या गर्दीत संवाद हवे असतील तर ध्वनिवाल्याला खालच्या पट्टीचा नुसता धडका वाजवायला सांगा, तीस-चाळीस हर्ट्झचा. नाचणाऱ्यांना लय मिळते आणि नंतर तो गाळून संवाद स्वच्छ राहतात.

खरे वादक हवे असतील तर तारखा चातुर्मासात धरा. दाट तिथींना ते येणार नाहीत, आणि येऊही नये. मात्र पावसाळी हवेत चामडं सैल पडतं, दर दोन-तीन टेकनंतर हलगी तापवावी लागेल. बोल्टवर ताणायची फायबरची हलगी आणा असं कुणीतरी सुचवेल. तिचा आवाज वेगळा येतो, ऐकू नका त्याचं. कागद-काटक्या, आगपेटी आणि दोन जादा हलग्या कला विभागाच्या यादीत आत्ताच लिहून ठेवा, आणि तापवायला लागणारा वेळ दिवसाच्या वेळापत्रकात.